रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा?

पनवेल हे जुन्या काळापासून वाटसरूंचे गाव. मुंबईहून होडीने पनवेलच्या बंदरात उतरावे आणि घाट चढून पुण्यास जावे, असा तो प्रवास असे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. त्या रस्त्यावर बैलगाडी आणि माणूस जवळजवळ एकाच चालीने चालत; वाट कोणी कोणास द्यावी, यावरून तंटा झाला तरी तो सहसा जिवावर बेतत नसे.

मोटार आली आणि चालीचा हा मेळ तुटला. म्हणून १९१४, १९३९ आणि १९८८ साली मोटारींचे कायदे झाले. इंग्लंडात १९५१ साली रस्त्यावरील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांस कायद्याचे बळ लाभले. आपल्याकडे २०१७ च्या वाहनचालन-विनियमांनी स्पष्ट सांगितले की, जेथे सिग्नल वा पोलीस नाही, अशा पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्यास वाट द्यावी. वाहने तुंबली असता पट्टे अडवून गाडी उभी करू नये.

पनवेलनजीक कळंबोलीस सुरू होणारा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तेथे पादचाऱ्यास मज्जाव आहे. वेगासाठी एवढा मार्ग राखून ठेवल्यावर गावातील रस्त्यावर तरी पायी चालणाराचा मान आधी राखणे न्यायाचे ठरते. रंगाचे पट्टे पावसात पुसट होतात. शाळेतून घरी निघालेले मूल मात्र गाडी थांबेल या भरवशावरच पाऊल टाकते. तो भरवसा राखणे चालकाच्या हाती आहे.