मालक परगावी, शिक्का घरी

कोरेगावहून साताऱ्याला जाताना कृष्णेच्या पुलाजवळ संगम माहुली लागते. तिथे महाराणी येसूबाईंची समाधी दाखवतात. आपण एसटीतून, गाडीतून शेकडो वेळा तिथून गेलो असू. उतरून पाहणारे थोडे. येसूबाईंची आठवण या स्मरणिकेत काढण्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. "मालक बाहेरगावी आहेत, जागेचा तंटा मी मिटवला तर चालेल का?" हा प्रश्न बँकेत कितीतरी बायकांनी मला विचारला.

संभाजीराजांचा राज्याभिषेक १६८१ च्या जानेवारीत झाला. त्यानंतरची आठ वर्षे राजांची बहुतेक घोड्यावरच गेली. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, आणि दख्खनेत उतरलेला खुद्द औरंगजेब. पण राजा स्वारीवर गेला म्हणून गावची भांडणे थांबत नसतात! पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचे, थोरल्याचा मान की धाकट्याचा, असे तंटे चालूच. वतन म्हणजे त्या काळी घराण्याचा जीव. तंटा आधी गोतसभेत जाई, साक्षी होत, महजर होई. तिथे मिटला नाही की सरकारात.

सरकार स्वारीवर असेल तर काय, याची सोय राजांनी करून ठेवली होती. नुसते "मागे तुम्ही बघा" असे सांगून ते निघाले नाहीत. राणीसाहेबांना त्यांनी स्वतंत्र शिक्का दिला, 'श्री सखी राज्ञी जयति'. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की पत्नी आहे म्हणून अधिकार गृहीत धरला नाही, तो शिक्क्याने दिला. आमच्या भाषेत सांगायचे तर सहीचा अधिकार.

खरी कसोटी १६८९ च्या फेब्रुवारीत आली. राजे संगमेश्वरला पकडले गेले. मालक जिवंत, पण शत्रूच्या कैदेत. मुलगा शाहू जेमतेम सातव्या वर्षात. येसूबाईंनी मुलाचा हक्क पुढे न करता दीर राजारामांना गादीवर बसवण्यास मान्यता दिली. मार्चमध्ये राजांना ठार मारले गेले. राजाराम गडाबाहेर पडले, येसूबाई मुलासह रायगडावर राहिल्या आणि नोव्हेंबरात गड पडल्यावर कैदेत गेल्या. सुटका थेट १७१९ साली, म्हणजे तीस वर्षांनी. गादीचा वाद मात्र पुढे ताराबाई आणि शाहू यांच्यात पेटला तो वारणेच्या तहापर्यंत, १७३१ पर्यंत चालला. काही जण म्हणतात, त्यांनी मुलाचे नुकसान केले. मला ते पटत नाही. गादीच राहिली नसती तर भांडायला काय उरले असते?

आपला जिल्हा फौजी. शेजारच्या अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. सीमेवरच्या माणसाची अडचण कायद्यालाही ठाऊक आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी खास तरतूद आहे: रजा न मिळणारा सैनिक आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून कोणालाही, म्हणजे बायकोलाही, आपल्या वतीने दावा लावायला किंवा दाव्याला तोंड द्यायला अधिकार देऊ शकतो. तो कागद कोर्टात दाखल करावा लागतो. इतरांसाठी कुलमुखत्यारपत्र आहे, पण तेही नीट वाचून घ्यावे. 'भाडे वसूल करावे' एवढेच लिहिले असेल तर त्यावर तडजोड किंवा विक्री करता येत नाही. आणि लिहून देणारा वारला की सर्वसाधारणपणे ते संपते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

आपल्या सोसायटीतही कित्येक फ्लॅटचे मालक पुण्या-मुंबईला, काही परदेशात. मासिक देखभालीचा, गळतीचा, पार्किंगचा वाद येतो तेव्हा दारात वहिनीच उभ्या असतात, आणि सभेत त्यांना विचारले जाते, "तुमचे नाव आहे का?" सहयोगी सभासद म्हणून त्यांचे नाव घालून मूळ सभासदाने लेखी संमती दिली, की तो प्रश्न तिथेच मिटतो. फॉर्म सेक्रेटरींकडे मिळतो.