उकळले की विरघळणारे प्रथिन

अंड्याचा पांढरा बलक तापवला की गोठतो आणि मग कितीही उकळा, पुन्हा पातळ होत नाही. प्रथिनांचा हा गुणधर्म आपण वर्गात नेहमीच सांगतो. १८४५ साली लंडनमधल्या एका रुग्णाच्या लघवीने मात्र डॉक्टरांना पेचात टाकले.

रुग्ण ४५ वर्षांचा व्यापारी. त्याची हाडे असह्य दुखत होती. अंगावर सूज दिसली म्हणून डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी लघवी तापवून पाहिली. ती गढूळ झाली. नायट्रिक आम्ल घातल्यावर निवळली, थंड होताच गोठली आणि तापवताच पुन्हा पातळ झाली! नमुना रसायनशास्त्र जाणणाऱ्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. सोबतच्या चिठ्ठीत शेवटी विचारले होते, हे आहे तरी काय? त्यांच्या हिशोबाने हे प्रथिन दिवसाला ६० ग्रॅमहून अधिक बाहेर पडत होते. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. पहिली परीक्षा करणारे मॅकिन्टायर मागे राहिले, हे आम्हाला थोडे खटकते.

१ जानेवारी १८४६ रोजी रुग्ण दगावला. शवविच्छेदनात हाडे मऊ आणि ठिसूळ आढळली, मूत्रपिंडे मात्र धडधाकट दिसली. एवढे नवे काम अंगावर पडूनही त्यांना काही इजा झाली नाही, असा निष्कर्ष मॅकिन्टायर यांनी १८५० साली मांडला.

तो पुढे टिकला नाही. हा रोग म्हणजे मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. प्रतिपिंडे बनवणे हे या पेशींचे काम. प्रत्येक प्रतिपिंडात जड आणि हलक्या साखळ्या असतात. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे सुट्या हलक्या साखळ्याच, हे एडेलमन आणि गॅली यांनी १९६२ साली दाखवले. निरोगी रक्तातल्या हलक्या साखळ्याही तापवल्यावर तशाच गोठल्या आणि विरघळल्या.

या साखळ्या लहान असल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निसटतात. थोड्या असल्या तर पुढच्या सूक्ष्म नलिका त्या शोषून घेतात. पण कर्करोगात त्यांचा लोंढाच येतो. मग नलिकांमधल्याच एका प्रथिनाशी त्यांची गाठ पडते, घट्ट गुठळ्या बनतात आणि नलिका तुंबतात. शरीरात पाणी कमी पडले किंवा काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर मूत्रपिंड आणखी लवकर निकामी होऊ शकते.

दवाखान्यात लघवीत बुडवतात ती रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. हे प्रथिन तिच्या तावडीतून बहुधा निसटते, म्हणून मायलोमाचा संशय आला की सुट्या हलक्या साखळ्या रक्तात वेगळ्या मोजाव्या लागतात.