भिंगारनजीकची राजधानी आणि ‘मध्य’ : एक तळटीप

* निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी बहामनी फौजेचा भिंगारनजीक मोड केला आणि १४९४ साली त्याच मुलखात, सीनेच्या डाव्या तीरावर, नव्या शहराचा, अहमदनगरचा, पाया घातला. ही जागा जुन्नर व दौलताबाद यांच्या मध्यावर म्हणून पसंत पडली, असे तवारिखकार सांगतात. मात्र ‘मध्य’ हा शब्द गणितात दिसतो तितका सरळ नाही. दोन ठिकाणांचे महत्त्व समसमान असेल, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवरील कोणत्याही बिंदूपासून दोन्ही अंतरांची बेरीज तेवढीच भरते. बरोबर मधला बिंदू सरस ठरतो तो केवळ सर्वांत लांबची मजल कमीत कमी करावयाची असल्यास, आणि एकीकडचे वजन किंचित वाढले की बेरजेचा कौल थेट त्याच टोकाला जातो. ठिकाणे तीन झाली म्हणजे खरी रंगत : फळीला तीन भोके पाडून त्यांतून सोडलेल्या दोऱ्या वर एका गाठीत बांधाव्यात, खाली मालाच्या प्रमाणात वजने लटकवावीत, आणि गाठ सरकत सरकत जेथे स्थिरावेल तेथे वखार घालावी; वजनांनी गुणलेल्या अंतरांची बेरीज तेथेच सर्वांत कमी भरते. आल्फ्रेड वेबरच्या १९०९ मधील ग्रंथामुळे अशी जागा शोधण्याचा प्रश्न त्याच्या नावाने ओळखला जातो. आता पुन्हा मूळ दोन ठिकाणांकडे : जुन्नर-दौलताबादचा भौमितिक मध्यबिंदू श्रीरामपूरच्या पश्चिमेस पडतो. अहमदाचे शहर त्याच्या बरेच दक्षिणेस, विजयाच्या जागी त्याने लावलेल्या बागेपाशी, वसले.