वर्गमूळ आणि फैजी

मी बी. ए. झालेला कवी, कॅल्क्युलसच्या वाटेला गेलो नाही. तरी वर्गमूळाचा आलेख काढतो. आडव्या रेषेवर १, ४, ९, १६ मांडायचे, त्यांच्या डोक्यावर १, २, ३, ४ उंचीचे ठिपके द्यायचे आणि शून्यापासून हलक्या हाताने जोडायचे. रेघ आधी ताठ चढते, मग कलत जाते. चढायची मात्र थांबत नाही. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली. तिच्यात सोडलेल्या खड्याचा हिशेब हाच: खोली चौपट, वेळ दुप्पट.

सांगलीला शाळेत एकाने हिणवले होते, ‘लीलावती तुमची नव्हे.’ तेव्हा गप्प बसलो. भास्कराचार्यांचा हा ११५०चा ग्रंथ, त्यातल्या वर्गमूळाच्या रीतीसकट, १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फारसीत नेला फैजीने. तोही कवीच!