मेलेल्या जंतूंचें विष

सन १८९७ मध्यें, मुंबईंत प्लेगचा कहर चालू असतां, जर्मन सरकारनें पाठविलेलें एक वैद्यकीय मंडळ या शहरीं दाखल झालें. त्यांत रॉबर्ट कॉख यांचे शिष्य रिचर्ड फायफर हेही होते. मुंबईच्या इतिहासांत त्यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. परंतु दाढेच्या मुळाशीं पू झालेल्या रोग्यावर आज जे उपचार होतात, त्यांचा एक धागा फायफर यांच्या शोधाशीं जाऊन मिळतो. १८९२ सालीं बर्लिन येथें त्यांनीं पटकीचे जंतू उष्णतेनें मारून गिनिपिगांना टोंचले. तरीही ते प्राणी दगावले. जंतू मेला, पण त्याच्या देहांतील विष तसेंच राहिलें! यालाच अंतर्विष म्हणतात.

दांताच्या गाभ्यांतही जंतू असतात, हें बर्लिनमध्येंच काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनीं १८९४ मध्यें दाखविलें. तथापि पुढील वाटचाल सरळ झाली नाहीं. १९१० सालीं विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यानें मॉन्ट्रियलच्या व्याख्यानांत तोंडांतील पुवाला अनेक दूरच्या रोगांचें मूळ ठरविलें, आणि त्यानंतरच्या काळांत वाचवितां येण्याजोगे असंख्य दांत उपटले गेले. भीति अगदींच निराधार नव्हती. उपाय मात्र आडदांड होता.

पहिल्या महायुद्धांत, १९१५ च्या सुमारास, हेन्री डाकिन यांनीं सैनिकांच्या जखमा धुण्यासाठीं क्लोरीनयुक्त द्राव वापरांत आणला. त्याच जातीचा द्राव १९३६ च्या सुमारास दांताच्या मुळाच्या नळींत शिरला. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय निघालें तें याच काळांत, १९३३ सालीं. हा द्राव जंतू मारतो, कुजलेला गाभा विरघळवितो. पण जंतूच्या बाह्य भित्तिकेंतील मेदयुक्त विषापुढें तो दुबळा ठरतो. बारीक कानशीनें नळी घासून आणि पुनःपुन्हा धुऊन तें विष पुष्कळसें बाहेर काढावें लागतें.

उरलेल्या विषावर उपाय सांपडला तो घरोघरच्या पानाच्या तबकांतला. मुंबईपासून जवळच, भिवंडी तालुक्यांत दापोडें हें गांव आज गोदामांनीं वेढलेलें आहे. तेथील हमालाच्या डबींत तंबाखूबरोबर जो चुना असतो, त्याचाच शुद्ध प्रकार, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, बर्नहार्ड हर्मान यांनीं १९२० मध्यें दंतोपचारांत आणला. तो जंतुघ्न म्हणून वापरला जाई. त्याचें खरें कर्तृत्व पुढें १९९३ मध्यें अमेरिकेंत सफावी व निकोल्स यांनीं उजेडांत आणलें: हा चुना त्या विषाच्या रेणूंतील मेदाम्लें तोडून टाकतो, आणि विषाची धार बोथट होते. (यावरून कोणी दुखऱ्या दाढेंत पानाचा चुना भरूं नये, तो हिरडी भाजून काढील, आणि मुळाच्या नळीपर्यंत पोंचणारही नाहीं.)

म्हणूनच कित्येक दंतवैद्य नळी धुतल्यावर ती लगेच बंद न करितां, चुन्याचा लेप आंत ठेवून रोग्यास आठवडा-दोन आठवड्यांनीं पुन्हा बोलावितात. विषाचा कांहीं अंश इतक्यानंतरही आंत राहूं शकतो.