जिल्हा नावाची रेघ



जिल्हा हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की जणू तो नदी-डोंगरांइतकाच प्राचीन असावा. वस्तुतः बेळगाव जिल्ह्याचा जन्म १८३६ सालचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. पुढे या मुलखाचा कारभार धारवाडहून चाले. तो आवरेना म्हणून उत्तरेकडचा भाग वेगळा काढून बेळगाव जिल्हा केला. सोय पाहिली ती कारभाराची, भाषेची नव्हे. त्यात सांगली, कुरुंदवाड, रामदुर्ग आदी संस्थानांचे तुकडे; नकाशा म्हणजे निव्वळ वाकळ!

हीच रेघ १२० वर्षांनी निर्णायक ठरली. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हाच घटक धरला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून सारा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगडसाठी जिल्हा मोडता आला, निपाणीसाठी मात्र नाही, याचे मला आजही नवल वाटते.

महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रे मांडली. मला ती न्याय्य वाटतात. परंतु ती वाटतात तितकी सोपी नाहीत. प्रशियाने १८१६ साली निर्मिलेला ओपेल्न जिल्हा पाहा. वरच्या सायलेशियातील या जिल्ह्यात पोलिश आणि जर्मन भाषा एकमेकींत मिसळलेल्या. पहिल्या महायुद्धानंतर, २० मार्च १९२१ रोजी, त्याच्या बहुतेक भागात सार्वमत झाले व मते गावनिहाय मोजली. सुमारे साठ टक्के कौल जर्मनीकडे गेला. तरी १९२२ च्या वाटणीत खाणी-कारखान्यांचा पूर्वभाग पोलंडला मिळाला. काटोवित्से शहराची बहुसंख्या जर्मनीच्या बाजूची, भोवतालची खेडी बहुतांशी पोलंडच्या. शहर खेड्यांबरोबर गेले. बेळगाव शहर आणि त्याच्या भोवतालची खेडी यांचा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे परके वाटणार नाही.

१९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचविले, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

१९५६ साली मी सात वर्षांचा होतो. राज्य बदलल्यावरही आमच्या वर्गातल्या भिंतीवर मुंबई राज्याचाच नकाशा कित्येक दिवस होता. गुरुजी त्यावर छडी ठेवून बेळगाव दाखवीत आणि पुढचा धडा सुरू करीत.