तिसऱ्या खंडाची प्रतीक्षा

किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या इंग्रजी अद्भुतरम्य साहित्यात एकच कथा तीन पुस्तकांत सांगण्याची, म्हणजे ग्रंथत्रयीची, प्रथा इतकी रुळली आहे की तिचा उगम कथेच्या गरजेत असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात कथेचे तीन तुकडे प्रथम व्यवहाराने केले, आणि त्यातून वाचकाच्या वाट्याला आलेल्या प्रतीक्षेला अर्थ देण्याचे काम लेखकांनी नंतर केले.

१८२१ मध्ये वॉल्टर स्कॉट यांची ‘केनिलवर्थ’ ही कादंबरी तीन खंडांत ३१ शिलिंग ६ पेन्सांना विक्रीस आली आणि पुढची सुमारे सत्तर वर्षे नव्या इंग्रजी कादंबरीचे हेच रूप व हीच किंमत रूढ राहिली. २१ शिलिंगांची एक गिनी या हिशेबाने ही रक्कम दीड गिनी होते, आणि एका कादंबरीपायी एवढा खर्च करणे सुस्थितीतल्या कुटुंबालाही जड जाई. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी १८४२ मध्ये सुरू केलेल्या वाचनालयाचा व्यवसाय याच अडचणीवर उभा राहिला. वर्षाला एक गिनी वर्गणी भरणाऱ्या सभासदाला एका वेळी एक खंड घरी नेता येई आणि तो परत केल्यावर पुढचा मिळे, त्यामुळे कादंबरीची एकच प्रत एकाच वेळी तीन घरांत वाचली जाई. मात्र दुसरा खंड संपवून आलेल्या सभासदाला तिसरा बाहेर गेलेला आढळला, तर तो परत येईपर्यंत थांबणे भाग पडे. १८९४ मध्ये म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनी एका खंडाला चार शिलिंगांहून अधिक न देण्याचे जाहीर केले, तेव्हा तीन-चार वर्षांतच ही पद्धत जवळजवळ नाहीशी झाली.

कथा तीन भागांत विभागण्याची वेळ पुन्हा आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तेव्हाही कारण खर्चाचेच होते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या दृष्टीने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही सहा पर्वांची एकसंध कादंबरी होती, पण कागद महाग असताना एवढा मोठा ग्रंथ एकत्र छापण्याचा धोका ‘ॲलन अँड अनविन’ या प्रकाशनसंस्थेला पेलणारा नव्हता, म्हणून तिचे तीन खंड झाले. पहिले दोन खंड १९५४ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये आले. तिसरा मात्र परिशिष्टांच्या कामामुळे रेंगाळून ऑक्टोबर १९५५ मध्ये निघाला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी कथानायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला आहे आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर राहिला आहे, अशा अवस्थेत वाचकाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. तिसरा खंड हाती आल्यावरही फ्रोडो लगेच भेटत नाही, कारण त्याचा पूर्वार्ध दुसऱ्याच आघाडीवरील युद्धाचा आहे. इतक्या प्रतीक्षेनंतर फ्रोडो दिसतो तो निर्णायक क्षणी, जी नष्ट करायला निघाला त्या अंगठीचाच मोह न आवरलेला, आणि विजयानंतरही स्वतःच्या गावात सुखाने राहू न शकणारा. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या तिसऱ्या खंडाचे थोरपण रणांगणातील विजयापेक्षा या न भरणाऱ्या जखमेत अधिक आहे.

अमेरिकेत ग्रंथपालांनी बालक आणि प्रौढ यांच्यामधल्या वाचकासाठी ‘यंग अडल्ट’ हा स्वतंत्र वर्ग मानल्यावर अद्भुतकथेला नवा वाचक मिळाला. वयाने थोड्या मोठ्या मुलांसाठी एखादे पुस्तक लिहावे, या प्रकाशकाच्या मागणीतून अर्सुला के. ले ग्विन यांची ‘अर्थसी’ ही मालिका १९६८ मध्ये सुरू झाली. तिचे तिसरे पुस्तक ‘द फार्देस्ट शोअर’ १९७२ मध्ये आले. त्यात जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधले भगदाड बुजवताना गेड हा महान जादूगार आपली सारी विद्या खर्ची घालतो, आणि राज्य मिळते ते त्याच्यासोबत आलेल्या तरुण राजपुत्राला.

तिसऱ्या पुस्तकाने वाचकाचे मागणे जाणूनबुजून नाकारल्याचे सर्वांत धीट उदाहरण फिलिप पुलमन यांचे आहे. ‘हिज डार्क मटेरियल्स’ या त्रयीची पहिली दोन पुस्तके १९९५ आणि १९९७ मध्ये, तर ‘द अँबर स्पायग्लास’ हे तिसरे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. या कथेची नायिका लायरा हिच्या जगात प्रत्येक माणसाचा अंतरात्मा ‘डेमन’ नावाच्या प्राण्याच्या रूपाने सोबत वावरतो. मुलांचे डेमन क्षणोक्षणी रूप पालटतात आणि माणूस वयात आला की एका रूपात कायमचे स्थिरावतात. अखेरच्या प्रकरणांत लायरा आणि आपल्या जगातला विल परस्परांच्या प्रेमात पडतात, तिचा डेमन पँटलायमन पाइन मार्टेन या चपळ रानटी प्राण्याच्या रूपात स्थिरावतो, आणि त्याच सुमारास दोघांना कळते की जगाजगांमधल्या खिडक्या बंद केल्या नाहीत तर जाणिवेचा आधार असलेली ‘धूळ’ गळून जाईल, शिवाय परक्या जगात माणूस फार काळ जगत नाही. एकच खिडकी उघडी ठेवणे शक्य असते आणि ती मृतांच्या सुटकेसाठी राखली जाते, म्हणून दोघांना आपापल्या जगात परतून वेगळे व्हावे लागते. सत्य सांगणारे यंत्र सहज वाचण्याची लायराची शक्तीही याच वेळी जाते. ते ज्ञान तिला यापुढे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मिळवायचे असते. त्या दोघांची ही ताटातूट क्रूर आहे, अशी अनेक वाचकांची भावना असली तरी ती लेखकाने वरून लादलेली नाही, कारण तिचे नियम आधीच्या पानांवर मांडलेले आहेत. कोवळ्या वाचकाला खोटा दिलासा न देण्यात त्याच्याविषयीचा मोठा आदर आहे. या पुस्तकाला २००१ सालचा ‘व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला, आणि मुलांसाठीच्या पुस्तकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिसरे पुस्तक शेवटचे ठरतेच असे मात्र नाही. ले ग्विन यांनी १९९० मध्ये ‘तेहानू’ लिहिताना त्याला उपशीर्षकात अर्थसीचे अखेरचे पुस्तक म्हटले, आणि २००१ मध्ये ‘द अदर विंड’ लिहून मृतांना कोंडणारी भिंतच पाडली. ज्या लेखिकेने भगदाड बुजवण्याची कथा सांगितली तिनेच मृतांना मोकळे केले. पुलमन यांनीही २०१७ मध्ये ‘द बुक ऑफ डस्ट’ ही दुसरी त्रयी सुरू केली, तिच्या २०१९ मधल्या दुसऱ्या पुस्तकात लायरा वीस वर्षांची झाली, आणि ‘द रोझ फील्ड’ या तिसऱ्या पुस्तकासाठी वाचकांना २०२५ पर्यंत थांबावे लागले.